हिरव्या पडद्याच्या अलीकडून

खुब्याचं ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या छातीपाशी एक हिरवं कापड आडवं ताणून बांधलेलं असतं. कापडाच्या पलीकडे हाडाचे डॉक्टर, ड्रिल, हातोडा, सी-आर्मचं एक्स-रे मशीन. अलीकडे पेशंटचं डोकं, मॉनिटर आणि मी. मी भूलतज्ज्ञ आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या लहानमोठ्या दवाखान्यांतून बोलावणं आलं की जाते. सकाळी अमळनेर, दुपारी पारोळा, संध्याकाळी परत जळगाव, असा माझा दिनक्रम.

म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याला आम्ही बहुतेक वेळा पूर्ण भूल देत नाही. कमरेत, मणक्यांच्या फटीतून एक बारीक सुई घालून इंजेक्शन देतो. कमरेखालचं अंग बधिर होतं आणि माणूस जागाच राहतो. पलीकडची ठोकाठोक ऐकून घाबरू नये म्हणून मी तास-दीड तास बोलत बसते. आजी, माहेर कुठलं? अखजीला न्यायला कोण यायचं? कळण्याच्या भाकरीला उडीद किती घालता? मग त्या बोलू लागतात. हाडाच्या डॉक्टरांना एक्स-रेत जे दिसत नाही, ते मला इकडे ऐकायला मिळतं. आणि इतक्या वर्षांत जे ऐकलं त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. खुबा मोडतो एका रात्रीत, पण त्याची तयारी आठ-दहा वर्षं आधी गुडघ्यात सुरू झालेली असते. त्या आठ-दहा वर्षांत घरातलं प्रत्येक जण म्हणत असतं, "वय झालं, दुखणारच."

यावल तालुक्यातल्या एका आजींनी मला त्यांच्या गुडघ्याची सगळी कहाणी सांगितली होती. आयुष्य केळीच्या बागेत निंदण्या-खुरपण्यात गेलेलं. साठीच्या आसपास उकिडवं बसून उठताना गुडघा धरू लागला. आधी शेत सुटलं, मग आठवडे बाजार. मग कानबाईच्या रात्री शेजारी गाणी म्हणायला जाणं सुटलं, कारण तिथे जमिनीवर बसायचं आणि उठवायला दोघी लागायच्या, त्याची त्यांना लाज वाटायची. शेवटी उरली खाट. "सून फार चांगली आहे बाई," त्या म्हणाल्या, "पाणीसुद्धा हातात आणून द्यायची." सुनेचं प्रेम खरं होतं. पण खाटेवर हातात पाणी मिळणाऱ्या माणसाच्या मांडीतला जोर वर्षभरात ओसरतो. एका रात्री वीज गेलेली. आजी अंगणातल्या संडासाकडे निघाल्या, उंबरठा ओलांडताना गुडघ्याने दगा दिला आणि त्या उजव्या कुशीवर आदळल्या.

कुशीवर, हे महत्त्वाचं. तरुण माणूस पडताना हात पुढे टाकतो, त्याचं मनगट मोडतं. म्हाताऱ्या माणसाचा हात वेळेवर पुढे येत नाही. सगळा भार मांडीच्या बाजूच्या उंचवट्यावर येतो आणि आत मांडीच्या हाडाची मान तुटते, नाहीतर मानेच्या खालचा भाग. वृद्धांचे बहुतेक खुबे असेच, उभ्या उंचीवरून पडून मोडलेले असतात. माडीवरून पडावं लागत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचा संधिवात असलेल्यांची हाडं घनतेच्या तपासणीत पुष्कळदा चांगली येतात, समवयस्कांपेक्षा घट्टसुद्धा. ते पाहून घरचे निश्चिंत होतात. पण दुखरा सांधा माणसाला पाडतो. पाय पूर्ण टेकवत नाही, वळताना तोल जातो, रात्री घाईत उठलं की गुडघा लचकतो. हाड बरं असलं तरी वारंवार पडणाऱ्या माणसाचं ते कधीतरी मोडतंच. आमवाताची गोष्ट वेगळी आणि अधिक वाईट. तो सांध्यांना सूज आणणारा आजार, बायकांत पुरुषांच्या दोन-तीन पट. त्यात हाड आतूनच विरळ होत जातं. हाड मोडण्याचा धोका मोजायला जगभर वापरतात ती फ्रॅक्स नावाची पद्धत इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातून २००८ साली आली. तिच्या मोजक्या प्रश्नांत आमवात आहे का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. स्टिरॉइड घेतलं आहे का, हा दुसरा. आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, हा तिसरा.

यातला स्टिरॉइडचा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांत अवघड. कारण त्याचं खरं उत्तर मिळतच नाही.

साक्री तालुक्यातल्या एका आजी टेबलावर आल्या. सत्तरीच्या. हाताची बोटं करंगळीकडे वळलेली, म्हणजे जुना आमवात. आदल्या दिवशी मी विचारलं होतं, "काही औषध चालू आहे का?" मुलगा म्हणाला, "काही नाही. बीपी नाही, शुगर नाही." सुनेने मान हलवली. चेहरा मात्र गोल, गुबगुबीत, आणि हातापायांच्या काड्या. दंडावर जांभळे डाग. सलाईनची चिकटपट्टी काढताना नर्सच्या हाताखाली कातडीचा पापुद्रा निघाला. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नाहीच म्हणाले. संशय होता म्हणून हायड्रोकॉर्टिसोनची, म्हणजे स्टिरॉइडचीच, कुपी ट्रेमध्ये काढून ठेवायला सांगितली.

कमरेतलं इंजेक्शन दिलं की रक्तदाब थोडा उतरतोच. सलाईन आणि एखादं औषध दिलं की वर येतो. यांचा येईना. ऐंशी, सत्तर, पासष्ट. औषध दिलं, पुन्हा दिलं, मॉनिटरवरचा आकडा हलेना. पलीकडून सर्जननी विचारलं, "थांबू का?" मी म्हटलं, थांबा. मग ती कुपी दिली. हळूहळू दाब चढला आणि टिकला. ऑपरेशन पार पडलं. बाहेर येऊन मी सुनेला बाजूला घेतलं. तिने पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली. "हे औषध थोडंच आहे बाई, ही तर वाताची पुडी आहे. चार वर्षं चालू आहे."

या पुडीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी कुणीतरी येतो, बिनालेबलाची पावडर नाहीतर गोळ्या देतो, जडीबुटी म्हणून सांगतो. अशा पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातलेलं निघतं, हे देशभरातल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. पुडीची कीर्ती पसरते तीही उगाच नाही. तिसऱ्या दिवशी गुडघ्याची सूज उतरते, भूक लागते, गाल भरतात. शेजारणी म्हणतात, माय सुधारली. आत काय चाललेलं असतं? स्टिरॉइडने हाडाची झीज पहिल्या काही महिन्यांतच वेगाने सुरू होते. मांडीचे स्नायू बारीक होतात. शरीर स्वतःचं स्टिरॉइड मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत रोज बनवत असतं, ते बनवणं थांबतं. मग पडणं, ऑपरेशन, जंतुसंसर्ग अशा संकटाच्या वेळी शरीराकडे स्वतःचं काही उरत नाही आणि रक्तदाब कोसळतो. म्हणूनच अशी पुडी चालू असेल तर एका दिवसात फेकूनही द्यायची नाही. डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा उतरवत बंद करायची.

स्टिरॉइड हे औषध वाईट नाही. संधिवाताचे डॉक्टर ते मोजून, ठरावीक मुदतीसाठी देतात, जोडीला मेथोट्रेक्सेटसारखं आजार आवरणारं औषध आठवड्यातून एकदा देतात, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात. चार वर्षं मोजमापाशिवाय देणं हा गुन्हा आहे आणि त्याला मी गुन्हाच म्हणते. त्यापेक्षा चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवच्या गरम झऱ्यात पाय सोडून बसलेली माणसं शहाणी. त्या पाण्याने झीज भरून येत नाही, पण शेक मिळतो, आणि तिथवर चालत जाणं होतं. मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच रडगाणं. वर्षानुवर्षं रोज दोन, त्यात आमचा पंचेचाळीसच्या घरातला उन्हाळा आणि कमी पाणी. खुबा मोडून आल्यावर क्रिएटिनिन वाढलेलं निघतं आणि ऑपरेशनआधी किडनी सांभाळण्यात दोन दिवस जातात.

माणसं पडतात कुठे, याचीही माझ्याकडे एक यादी तयार झालीय. नवीन घराची गुळगुळीत टाइल हा पहिला नंबर. जुन्या घरात शहाबादी फरशी होती, नाहीतर सारवलेली जमीन, तिथे पाय धरायचा. पोराने सुरतेत कमावून बांधलेल्या घरात आई पहिल्या वर्षीच घसरते. मे महिन्यात गच्चीवर झोपायला जाताना कठडा नसलेल्या जिन्यावर पडतात. उन्हाळ्यात बिबड्या आणि पापड वाळत घालायला दहादा चढउतार होते, तेव्हा पडतात. मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसलेली मावशी गतिरोधकावर मागच्या मागे पडते, आणि चालवणाऱ्या नातवाला ते पुढे गेल्यावर कळतं. दारातल्या वासराच्या धक्क्याने पडतात. पण सगळ्यांत जास्त पडतात रात्री, लघवीला उठल्यावर, अंधारात.

पडल्यानंतरचं वेळापत्रकही आमच्याकडे जवळपास ठरलेलं आहे. पहिल्या दिवशी तेल लावून चोळतात. दुसऱ्या दिवशी हाड बसवणाऱ्याला बोलावतात, तो कामट्या आणि लेप बांधतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तालुक्याला एक्स-रे. मोडलेल्या खुब्याला चोळणं म्हणजे तुटलेली टोकं एकमेकांवर घासणं. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या मानेवरूनच वर जातात. मान तुटून सरकली की त्या तुटतात आणि गोळा मरतो, म्हणून तो काढून कृत्रिम बसवावा लागतो. शिंदखेड्याकडच्या एका आजी तर पडल्यानंतर चार दिवस भाकरी थापत होत्या. जांघेत दुखतंय म्हणायच्या, पण चालतेय म्हटल्यावर मुलांनी लक्ष दिलं नाही. मानेची तुटलेली टोकं एकमेकांत रुतून बसली होती, त्यामुळे भार पेलत होती. पाचव्या दिवशी ताटावरून उठताना ती सरकली. पहिल्या दिवशी एक्स-रे झाला असता तर तीन स्क्रूंत काम भागलं असतं. ऐंशी वर्षांची बाई पडल्यावर चालते आहे म्हणजे हाड शाबूत आहे, असं समजू नका.

मग येतो तो मोठा प्रश्न, ऑपरेशन करायचं की नाही. मुलगा सुरतेत. उधना, लिंबायत, कुठल्यातरी मिलमध्ये. दोन रजा मिळायच्या, मग तो ताप्ती लाइनच्या गाडीने यायचा, मग भाऊबंद बसायचे. इकडे आजी वजन लावलेल्या पायाने खाटेवर. पूर्वी तालुक्याच्या दवाखान्यांत खाटेच्या पायथ्याशी दोरीला विटा बांधून वजन लावायचे, सहा-सहा आठवडे. त्या दिवसांत मी पाठीवर तळहाताएवढ्या जखमा पाहिल्यात. त्या पाहिल्या की कळतं, माणूस खुब्याने जात नाही, खाटेने जातो. छातीत कफ साठतो, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होते, पाठ सडते. जगभरच्या नोंदींत खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण २० ते ३० टक्के वर्षाच्या आत दगावतात, आणि पुरुषांत हे प्रमाण बायकांपेक्षा जास्त आहे.

पैशाचा प्रश्न खराच होता. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत धुळं होतं, जळगाव नव्हतं. जळगावला ती पोचली २१ नोव्हेंबर २०१३ ला. मधल्या काळात पारोळ्या-अमळनेरची माणसं मला विचारायची, "बाई, धुळ्याच्या नणंदेच्या रेशनकार्डावर आईचं नाव घातलं तर चालेल का?" तासाभराच्या अंतरावरच्या दोन गावांत म्हातारीचं नशीब असं वेगळं झालेलं मी पाहिलंय. आता ती योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, संरक्षणाची रक्कमही वाढली. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खुब्यासाठी मुंबई गाठायचे दिवस गेले. कोणतं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात योजनेत बसतं, हे तिथला आरोग्यमित्र सांगतो. अट एवढीच की रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरात सापडायला हवं. कार्ड सुरतेला मुलाच्या पेटीत असल्यामुळे दोन दिवस गेलेल्या आजी मी पाहिल्यात.

पैसे जमले, मुलगा आला, की सगळे माझ्याकडे वळतात. "बाई, ऐंशी वय आहे. भूल झेपेल का?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की उत्तर तोंडपाठ झालंय. धोका आहे, आणि मी तो कागदावर लिहून सही घेते. पण न केल्याचा धोका जास्त आहे, आणि त्याचा कागद कुणी लिहून देत नाही. कमरेतल्या इंजेक्शनची मात्रा म्हाताऱ्या माणसाला फार थोडी लागते. त्याआधी जांघेतल्या नसेपाशी बधिर करणारं औषध सोडलं, तर त्यांना कुशीवर वळवताना होणारी ओरड थांबते. झिजलेल्या मणक्यांत फट शोधायला कधी कधी वेळ लागतो, एवढंच. आमवाताच्या पेशंटला पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर मी मानेचा एक्स-रे पाहिल्याशिवाय हात लावत नाही, कारण त्यांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात आणि नळी घालताना मान मागे वाकवणं जिवावर बेतू शकतं. ही काळजी घेतली की ऐंशी काय, नव्वदीतली माणसंही टेबलावरून नीट उतरतात. हृदय कसं आहे, फुप्फुस कसं आहे, हे मी पाहते. आधारकार्डावरचं जन्मवर्ष पाहून कुणाला परत पाठवत नाही.

किती घाई करायची, यावर २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. सतरा देश, सुमारे तीन हजार पेशंट, त्यांत भारतातलेही. सहा तासांत ऑपरेशन करणं आणि चोवीस तासांत करणं, यांची तुलना होती. सहा तासांच्या घाईने मृत्यू कमी झाले नाहीत. पण ऑपरेशननंतर होणारा भ्रम, ज्याबद्दल पुढे सांगते, तो कमी झाला आणि माणसं लवकर उभी राहिली. म्हणजे तपासण्यांना लागणारे तास घ्यायला हरकत नाही. छत्तीस ते अठ्ठेचाळीस तासांत ऑपरेशन व्हावं, असं बहुतेक ठिकाणचे नियम सांगतात. आमच्याकडे गणित तासांचं नसून दिवसांचं असतं, खरं दुःख ते आहे.

पलीकडच्या बाजूचंही थोडं सांगते. खुब्याचे कृत्रिम गोळे मिलिमीटरच्या मापात येतात. कंपनीच्या पेटीत मोठी मापं भरपूर, छोटी एखाददुसरी. खानदेशातल्या म्हाताऱ्या बायांची चण मुळात बारीक, लहानपणी पोटभर न मिळाल्याची खूण हाडावर राहते. चोपड्याला एकदा एक्स-रेवर माप घेतल्यावर सर्जनना शंका आली की एकोणचाळीसचा गोळा लागेल, आणि पेटी एक्केचाळीसपासून सुरू होत होती. त्यांनी ऑपरेशनच सुरू केलं नाही. धुळ्याला फोन झाला, डबा एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिला, वॉर्डबॉय स्टँडवर जाऊन उभा राहिला, मग इकडे तो निर्जंतुक करायला लावला. दुपारची केस रात्री नऊला लागली. गोळा काढून मोजला तर एकोणचाळीसच. एक्केचाळीसचा ठोकून बसवला असता तर आजी आयुष्यभर लंगडत राहिल्या असत्या. त्या सर्जनबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुणावला.

त्याच आजींचा काढलेला गोळा ट्रेमध्ये होता. मी बोटाने दाबून पाहिला. बाहेरचं कवच पातळ आणि आत ज्वारीच्या धांड्यातल्या भेंडासारखं पोकळ, हलकं. अशा हाडात कृत्रिम गोळ्याचा नुसता दांडा घट्ट बसत नाही, म्हणून सिमेंट भरतात. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी ही पद्धत रुळवली. सिमेंट भरायच्या क्षणी पलीकडून आवाज येतो, "सिमेंट!" ती माझ्यासाठी सूचना असते. त्या दोन-चार मिनिटांत रक्तदाब आणि ऑक्सिजन एकदम उतरू शकतात. गप्पा बंद, नजर मॉनिटरवर, हातात औषध तयार. आजी तेवढ्यात विचारतात, "झालं का व माय?" मी म्हणते, झालंच.

ऑपरेशन झालं की आणखी एक प्रसंग हमखास येतो आणि नातेवाईक सगळ्यांत जास्त घाबरतात ते तेव्हा. दुसऱ्या रात्री आजोबा खाटेवर उठून बसतात आणि ओरडायला लागतात. धरणगावकडचे एक शेतकरी आजोबा रात्रभर बैल सोडायला सांगत होते. सून त्यांना ओळखू येईना, सलाईन उपटून काढलं. सकाळी नातेवाइकांनी लिंबू उतरवून टाकलं, बाहेरचं काहीतरी आहे म्हणून देवऋष्याला आणायची भाषा सुरू झाली. मी रक्त तपासायला लावलं, सोडियम उतरलं होतं. लघवी तुंबली होती. त्यांचा चष्मा घरी, कानाचं यंत्र घरी, आणि वर्षानुवर्षांची तंबाखू एकाएकी बंद. सोडियम हळूहळू भरलं, नळी घातली, चष्मा मागवला, रात्री सुनेऐवजी थोरला मुलगा जवळ बसला. तिसऱ्या दिवशी आजोबांनी आपणहून चहा मागितला. हा भ्रम आहे, वेड नाही. पाच-सहा साध्या कारणांनी होतो आणि ती कारणं दूर केली की बहुतेकांचा जातो.

आता सर्वांत जास्त सलणारी गोष्ट. टाके निघाले, वॉकर घेऊन आजी घरी गेल्या, की सगळ्यांच्या लेखी प्रकरण मिटतं. हाड ज्या आजाराने मोडलं त्या ठिसूळपणावर कुणी औषधच सुरू करत नाही. दीड-दोन वर्षांनी तीच आजी पुन्हा माझ्यासमोर, एक्स-रेत उजवीकडे जुना रॉड आणि डावीकडे नवा तुटलेला खुबा. हे टाळता येतं. २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सुमारे दोन हजार पेशंटांचा अभ्यास आला. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईनमधून एक इंजेक्शन, मग वर्षातून एकदा. नवीन हाडं मोडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. हे इंजेक्शन आता जळगाव-धुळ्यातही मिळतं. किडनी आणि ड जीवनसत्त्व आधी तपासावं लागतं. आमच्या इतक्या रणरणत्या उन्हातही म्हाताऱ्या बायांत ड जीवनसत्त्व कमीच निघतं, कारण ज्यांचा गुडघा दुखतो त्या उन्हात जातातच कुठे?

गुडघ्याचीही हीच हेळसांड. २००० आणि २००१ साली पंतप्रधान वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा गावोगावच्या पारावर पहिल्यांदा कळलं की गुडघा बदलता येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली. पण प्रत्येक गुडघा बदलायचाही नसतो. मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम, वजन उतरवणं, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरलेली योग्य उंचीची काठी, एवढ्याने पुष्कळ माणसं पुन्हा बाजारात जाऊ लागतात. पारोळ्याच्या एका आजींनी फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम वर्षभर केले आणि चैत्रात सप्तशृंगीला गेल्या. पायी नाही, एसटीने. पण वर जायला आता ट्रॉली आहे, तिने जाऊन देवीसमोर स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. मला प्रसाद आणून दिला.

हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात कुणाचा गुडघा दुखत असेल तर या आठवड्यात त्यांच्या उशाखाली, ट्रंकेत, पदराच्या गाठीला कोणतं औषध आहे ते प्रेमाने विचारून पाहा, आणि सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, पुडीसकट. खाट ते संडास या वाटेवर रात्रभर जळणारा एक छोटा दिवा लावा, वीज जाते म्हणून उशाशी बॅटरी ठेवा. संडासात धरायला दांडी ठोकून घ्या आणि उकिडवं बसता येत नसेल तर कमोडची खुर्ची आणा. पाणी त्यांच्या हातात देऊ नका, माठापर्यंत सोबत चाला. आणि एवढं करूनही पडल्याच, पाय आखूड दिसला, पंजा बाहेरच्या बाजूला कलला, किंवा नुसतं जांघेत दुखतंय म्हणाल्या, तर चोळू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा, आणि ऑपरेशन सांगितलं तर सुरतेच्या मुलाची संमती फोनवर घ्या.

भूल आम्ही देऊ, त्याची काळजी करू नका.